चपट्या किड्याचं नाव

सोमवार संध्याकाळ, आखाडा बाळापूर

आठ दिवस वाया गेले. वहिनींना कुंडीखाली सापडलेला तो हातोडीसारख्या डोक्याचा किडा मी कॉलेजात नेऊन स्पिरिटमध्ये मारला. नुसत्या पाठीवरच्या पट्ट्यांवरून त्याची जात ठरत नाही, आतली जननेंद्रियं बघावी लागतात. आज त्याच्या शरीराचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पोटाच्या मधोमध तोंड होतं, पण जननेंद्रियं तयारच झालेली नव्हती. कोवळा होता! पूर्ण वाढलेल्या किड्याला तोंडामागे जननेंद्रियांचं दुसरं छिद्र असतं; ते आहे का, एवढं तरी मारण्याआधी बघायचं होतं. का नाही बघितलं मी?

घरी येताच वहिनींनी विचारलं, "ताई, सापडलं का नाव?"

"नाही. आता सापडणारही नाही."

"मग मारलं काहून त्याला? गांडूळ खाऊन राहिला होता बिचारा."

मी त्यांच्यावरच खेकसले. त्या आत गेल्या. चूक माझी होती.