पाच गुणांची आई

१२ जाने. ८६, मुलुंड
खालच्या मजल्यावरच्या परबवहिनी आजपासून माझ्याकडे मराठी शिकायला. वय अडतीस. शाळा सातवीत सुटली, ती मालवणात. परब गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ऑफिसात वहिनींना घेणार आहेत, पण दहावी झाली तर क्लार्क, नाही तर झाडलोट. बाहेरून फॉर्म भरलाय. हातात दोन महिने.

१९ जाने.
रसग्रहण. पद्धत दिली : मध्यवर्ती कल्पना, अलंकार, आवडलेली ओळ, शेवटी 'ही कविता मनाला भिडते'. कुठलीही कविता येवो, चुकत नाही. न भिडणारी आली तर काय लिहायचं, असं वहिनींनी विचारलं. तरी हेच, म्हटलं.

२ फेब्रु.
स्वभावचित्रण. सहावा धडा, मुलांना जेवू घालून स्वतः उपाशी झोपणारी आई. पाच गुणांना हमखास. मुद्दे सांगितले : त्यागमूर्ती, सोशिक, वत्सल. वहिनींनी पहिला शब्द लिहिला नि पेन खाली ठेवलं.
"बाई, टोपात उरलाच नाय, तर ती खातली काय? ह्येका त्याग कसो म्हणतत?"
गुण मुद्द्यांना असतात, मुद्दे सोडू नका, एवढंच बोलले. त्यांनी पुढचं उतरवलं. मला मात्र दिवसभर…

३ फेब्रु.
शाळेत दहावी-बला तोच धडा. 'त्यागमूर्ती' फळ्यावर. पंचावन्न मुलींनी लिहून घेतलं, कुणी काही विचारलं नाही.
घरी आल्यावर आईला विचारलं, आम्ही पाचही जण जेवल्यावर तू बसायचीस, तेव्हा पुरायचं का गं? आई तांदूळ निवडत होती. "आता कशाला विचारतेस?" म्हणाली. मान वर केली नाही.

२३ फेब्रु.
सराव पेपर. वहिनी काठावर पास. आईचा प्रश्न कोरा. येत नव्हता असं नाही, लिहवेना म्हणाल्या. तुमची नोकरी ह्या पाच गुणांवर जाईल, म्हटलं. जरा जास्तच बोलले.

१२ मार्च
मराठीचा पेपर झाला. वहिनी केंद्रावरून थेट माझ्याकडे. तीच आई आली होती. आधी माझे तिन्ही मुद्दे लिहिले, मग खाली स्वतःचं. काय ते विचारलं. अन्न नव्हतं म्हणून ती जेवली नाही; असतं तर जेवली असती, आणि तरी आईच राहिली असती.
"गुण कापतले काय?"
मी तपासला असता तर पुरे पाच दिले असते, असं म्हटलं. त्या हसल्या. परब गेल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं.
त्या गेल्यावर आठवलं. गेल्या वर्षी बोर्डाकडून तपासायला आलेल्या माझ्या गठ्ठ्यात कुणीतरी असंच मनाचं लिहिलं होतं. मी लाल पेनने 'विषयांतर' असा शेरा मारला होता. दोन दिले की अडीच, आठवत नाही.
यंदाचा गठ्ठा सोमवारी यायचाय.