कानाच्या मशीनची तिसरी खाच

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार
बारामतीहून कानाचं मशीन आणलं. कानामागं बसतं, काजूएवढं. मी बहिरा नाही, हे तिथल्या डॉक्टर मॅडमना आधीच सांगितलं. साखर कारखान्यात मिल हाऊसला नोकरी झाली, तिथं सगळे मोकळ्या आवाजात बोलायचे. आता रिटायर होऊन शेळगावला आलो, तर इथं लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटतात.
मशीनला बारकं बटण, त्याला तीन खाचा. मॅडमनी मशीन हातात घेऊन बराच वेळ समजावलं. मी हो हो म्हटलं. एका खाचेत सगळं ऐकू येतं, एकीत नको तो गोंगाट मशीन आपणहून कापतं, एवढं कळलं. कुणाला काय मानवतं ते ज्यानं त्यानं वापरून ठरवायचं. शास्त्रीय पद्धतीनं ठरवणार. रोज नोंद.

४ फेब्रुवारी, सकाळ
पहिली खाच. भयंकर. शकू, म्हणजे आमची मंडळी, परातीला राख लावून घासत होती ती माझ्या डोक्यातच. शेण्या थापताना ती स्वतःशी बोलते हे लग्नानंतर आज पहिल्यांदा कळलं. विषय मीच होतो.

संध्याकाळ
दुसरी खाच. भांडी कमी झाली, शकू तशीच. मशीनच्या कंपनीनं यावर अजून काम करायला हवं.

६ फेब्रुवारी
तिसरी खाच. वा. काय शोध आहे.
सगळं बंद. फक्त बारीक गुंऽऽ. मशीन विचार करत असणार, कोणता आवाज आत सोडायचा आणि कोणता नाही. दिवसभरात एकही सोडण्यालायक निघाला नाही. गावात कामाचं किती कमी बोललं जातं याची कल्पना नव्हती.
यापुढं हीच.

१० फेब्रुवारी
विहिरीवर मोटरच्या पेटीजवळ गेलो की गुंऽऽ वाढतं. मोटर बिघडणार हे मशीनला आधीच कळलं. वायरमनला बोलावलं. त्यानं पेटी उघडून पाहिली आणि हातवारे करून बरंच काही सांगितलं. मशीननं ते सगळं कापलं. महत्त्वाचं नसणार.
तो गेला तेव्हा रागात दिसत होता. पुढं कधीतरी माझे आभार मानेल.

१५ फेब्रुवारी, रविवार
लोणी भापकरहून आमच्या मनिषाला बघायला पाहुणे आले. मुलगा बिरदेव, त्याचे वडील जोतीराव, बाकी दोन-चार मंडळी.
मुलीच्या बापानं कमी बोलावं, वजन राहतं, असं ठरवलं होतं. तिसरी खाच. पाहुण्यांचे ओठ हलले की मी हसून मान डोलवायचो. एकदा जोतीराव फार गंभीर झाले. मीही गंभीर झालो आणि मान डोलावली. त्यांनी पुन्हा विचारल्यासारखं केलं, मी पुन्हा डोलावली. मनिषा पोह्यांच्या बशा खाली ठेवून तडक आत गेली. लाजली.
बैठक फर्स्टक्लास.

१६ फेब्रुवारी
सकाळी शकूनं माझं मशीन काढून घेतलं आणि कानाला तोंड लावून ओरडली. जोतीरावांनी विचारलं हुतं, लग्नानंतर पोरगी नोकरी सोडंल न्हवं, गोठ्यात मानूस लागतं. तुमी मान हलवली. दोनदा हलवली.
मनिषा बारामतीला डेअरीत दुधाचं फॅट काढते. जागा एक होती, मुलाखतीला पन्नास-साठ पोरं आली होती. तिला मिळाली.
मी म्हटलं, मशीननं कापलं, म्हणजे प्रश्नच फालतू असणार. शकू म्हणाली, व्हय, आन् पोरगी कालपास्नं जेवली न्हाय, ती बी फालतूच.
मनिषा माझ्याशी न बोलता कामावर गेली. बोलली असली तरी मला सांगता येत नाही.

१८ फेब्रुवारी
बारामती. मशीनची लेखी तक्रार घेऊन गेलो. निवड चुकते.
मॅडमनी बटण पाहिलं, मग मला पाहिलं. बटण सरकवून म्हणाल्या, काका, तिसरी ही टेलिफोनची खाच आहे. यात फक्त फोनवरचं ऐकू येतं, समोरच्या माणसाचं काहीच नाही. गुंऽऽ ते विजेच्या वायरींचं. गोंगाट कापणारी खाच दुसरी.
हे मला कुणी सांगितलं नाही, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, मी सांगितलं होतं. मी विचारलं, तेव्हा मशीन कुठं होतं? त्यांच्या हातात होतं.
आमच्या घरी फोन नाही.
निघताना मॅडमनी विचारलं, मग तुम्हाला जास्त कोणती आवडली? तिसरी, मी खरं ते सांगितलं.

२० फेब्रुवारी
रविवारी लोणी भापकरला जाऊन सोक्षमोक्ष. पोरगी नोकरी सोडणार नाही. मान्य नसेल तर राम राम. भाषण पाठ केलं, दोन ठिकाणी आवाज चढवायचा आहे. पोरीसाठी बाप काय करतो ते घरात सगळ्यांना दिसेल.
शकूला बेत सांगितला. तीही काहीतरी सांगत होती. मी भाषणात होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार
पहिली खाच लावून निघालो, एकही शब्द सुटायला नको म्हणून. एसटीच्या पत्र्यानं जीव घेतला. सोसलं.
जोतीरावांच्या ओसरीवर पाणीसुद्धा न घेता भाषण सुरू केलं. ते मधेमधे हात वर करत होते. मी थांबलो नाही. दोन्ही ठिकाणी आवाज चढवला.
संपल्यावर ते म्हणाले, तात्या, मनिषा मंगळवारीच येऊन सांगून गेली, नोकरी सोडनार न्हाय म्हून. बिरदेवलाबी तेच पायजे हुतं. मग मी कशाला आडवा येऊ? आमी तुमच्या घरी होकार कळवला की.
मला कुणी बोललं नाही, मी म्हणालो.
जोतीराव म्हणाले, शकूबाई तर म्हनल्या, तात्यास्नी सांगितलंय.
म्हणजे माझ्या नकाराची गरज नव्हती. त्याआधी माझा होकारही कुणी धरला नव्हता.
तरी मी म्हणालो, बापाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?
जोतीरावांनी रस्त्याकडं पाहिलं. कुंपणापाशी पाच-सात माणसं उभी होती. ते हळूच म्हणाले, हाय की. पर जरा बारीक बोला तात्या. आमाला ऐकू येतंय.
मी चांगलं चांगलं म्हणालो. तेवढेच दोन शब्द, पण मशीनमधून स्वतःचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. घरात हे रोज चालू असतं.
परतीच्या एसटीत तिन्ही खाचा लावून हळूच बोलून पाहिलं. गोंगाट कापणाऱ्या दुसरीतही माझा आवाज कापला जात नाही.