यांचा आवाज माझ्याकडे असतो

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत म्हणून तो कागदावरच घातला आहे, पोचला असं समज.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही डॉक्टरांना एक सांगून घरी गार पाणी पिणं चालू आहे? आम्ही दोघं ठीक आहोत. एरवी मी फोनच केला असता, पण ही हकिगत फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण ती फोन कंपनीचीच आहे आणि हल्ली पलीकडे कोण कान लावून बसलेलं असतं सांगता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस, चष्मा पूस आणि सावकाश वाच. शेवट गोड आहे हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू पहिल्या पानावरच काळजी करायला लागशील.

तुला माहीतच आहे, आमच्या घरातली सगळी खाती यांच्या नावावर आहेत. वीज, पाणी, गॅस, फोन, इतकंच काय, वर्तमानपत्रसुद्धा. आम्ही संसार मांडला तेव्हा तशीच रीत होती, मला कुणी विचारलं नाही. आणि त्या सगळ्या खात्यांचं पुढे जे काही करायचं ते मी करायचं, हेही मला कुणी विचारलं नाही. यांचा सगळा जन्म नकाशे काढण्याच्या कचेरीत गेला. कागदावर रेघ मारायची ती अशी की देवानेही मान डोलवावी, पण तोंडाने बोलायचं म्हटलं की मिठाची गुळणी. त्यातून फोन वाजला की हे हळूच उठून बाथरूममध्ये जातात आणि तो थांबल्यावर बाहेर येतात. (आपल्या मुलीचा असला तरी. ती बिचारी बाबांशी बोलायचं तर पत्र टाकते.)

आता जे सांगणार आहे ते तुला अर्धंमुर्धं ठाऊक असेल. आमच्याकडे फोन नवीन होता तेव्हा एकदा लाइन खरखरायला लागली म्हणून मी तक्रार करायला गेले. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, बाई, खातं साहेबांच्या नावावर आहे, त्यांना द्या. साहेब समोरच बसले होते. मी रिसीव्हरवर हात ठेवून खुणावलं, तर यांनी अशी मान हलवली की जणू मी त्यांना विहिरीत उडी मारायला सांगत होते. आणि मग, ताई, मला आपलं स्टेज आठवलं.

तुला आठवतं ना, मुलींची शाळा म्हणून सगळे राजे, सेनापती आणि म्हातारे मलाच करावे लागायचे? नाटक बसवणाऱ्या सिस्टर मला रिकाम्या बादलीत तोंड घालून संवाद म्हणायला लावायच्या, आवाज पोटातून यावा म्हणून. तू कायम राणी. आणि ज्या वर्षी माझी मिशी सुटून तुझ्या गालाला चिकटली आणि मला हसू आवरेना, त्या वर्षी तू पाठ फिरवून माझीही वाक्यं म्हटलीस, तुझीही म्हटलीस आणि पडदा पडेपर्यंत नाटक ओढून नेलंस. सिस्टर पहिल्या रांगेत डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. अजून कधी संध्याकाळी एकटी बसले की मला ती बादली आठवते, तिचा तो पत्र्याचा वास आठवतो आणि उगाचच डोळे भरून येतात. असो. तर मी तोच राजाचा आवाज काढला आणि म्हटलं, ‘बोला, मीच बोलतोय.’ लाइन त्याच दिवशी दुरुस्त झाली.

तेव्हापासून यांचा आवाज माझ्याकडे असतो. विजेचं बिल जास्त आलं, मी हे. गॅसवाला वेळेवर आला नाही, मी हे. यांच्या एका वरिष्ठांना मुलगा झाला तेव्हा अभिनंदनसुद्धा मीच केलं. (दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या वरिष्ठांनी यांच्या पाठीवर थाप मारून ‘काय मोकळेपणाने बोललात’ म्हटलं, तर हे दिवसभर घाबरून होते.) आणि रात्री जेवताना हे न चुकता विचारायचे, ‘आज मी काय बोललो?’ मग मी सांगायची आणि हे ऐकून घ्यायचे. कधी म्हणायचे, ‘जरा जास्तच बोललो वाटतं.’ पण तक्रार अशी कधी नाही.

मध्यंतरी कंपनीने एक यंत्र बसवलं. फोन केला की एक गोड बाई सांगायची, ‘माझा आवाज हीच माझी ओळख’ हे वाक्य म्हणा. मी आपलं राजाच्या आवाजात म्हटलं आणि विसरून गेले. काही गुप्त प्रश्नांची उत्तरंही विचारली होती. आवडता विषय कोणता, लहानपणी पाळलेल्या प्राण्याचं नाव काय. मी कणीक मळत होते, सुचेल ते सांगितलं.

गेल्या महिन्यात कळलं की जुन्या लाइनी बंद होणार. नंबर तोच हवा असेल तर खातेदाराने स्वतः कचेरीत येऊन, तिथल्या फोनवर आपला आवाज पटवून द्यायचा, नाहीतर महिनाअखेरीस नंबर कंपनीकडे परत जाणार. आमची मुलगी म्हणाली, जाऊ दे गं आई, आता मोबाइल आहे ना. तिचं बरोबर आहे. पण ताई, हा तो नंबर आहे. आईला शेवटी शेवटी माझं नाव आठवत नव्हतं, तुझंही नव्हतं, पण बोटांना हा नंबर पाठ होता. रोज दुपारी फोन यायचा, ‘कोण बोलतंय?’ मी म्हणायची, तू सांग कोण हवंय. ती म्हणायची, ‘ते माहीत नाही, पण इथेच लावायचा असतो.’ तो नंबर मी कुणा परक्याच्या घरी वाजू देणार नव्हते.

म्हणजे आता यांना बोलायला शिकवणं आलं. आणि नुसतं बोलायला नव्हे, मी यांच्यासारखं बोलते तसं बोलायला. मी न्हाणीघरातली बादली रिकामी केली आणि यांना समोर बसवलं. पहिल्या दिवशी बादलीतून आवाजच आला नाही. मी वाकून विचारलं, काय झालं, तर आतून म्हणाले, ‘मी म्हटलं मनात.’ हळूहळू जमायला लागलं. शेजारच्या बाई एकदा दारावर थाप मारून विचारून गेल्या की साहेबांना बरं आहे ना, कुणीतरी खोलवरून ‘माझी ओळख, माझी ओळख’ असं ओरडतंय. गुप्त उत्तरंही पाठ करून घेतली. आवडता विषय, भरतकाम. प्राणी, मांजर, नाव बिशप. (आपला बिशप. काळा, लठ्ठ आणि कायम कुणालातरी क्षमा केल्यासारखा चेहरा.) हे म्हणाले, ‘पण मला मांजर जवळ आलं की शिंका येतात.’ मी म्हटलं, ते तुम्हाला. खात्याला येत नाहीत.

तर आम्ही गेलो. यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा. काउंटरवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने विचारलं, ‘सर, खातेदार तुम्हीच ना?’ तर हे म्हणाले, ‘कागदोपत्री.’ तिने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग रिसीव्हर यांच्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं यंत्र चालू केलं. यांनी घसा खाकरला, खिडकीकडे पाहिलं आणि आपल्या खऱ्या, बारीक, सज्जन आवाजात ते वाक्य म्हटलं. बादली वाया गेली. यंत्रातली बाई म्हणाली, माफ करा, आपला आवाज जुळत नाही.

मुलीने प्रश्नांचा मार्ग काढला. आवडता विषय? मी यांच्या पायावर पाय ठेवला. हे म्हणाले, ‘भूमिती.’ आणि लहानपणी पाळलेला प्राणी? ताई, हा माणूस आयुष्यात एकदाही खोटं बोललेला नाही, कारण खोटं बोलायला आधी बोलावं लागतं. हे म्हणाले, ‘मी मांजर पाळलेलं नाही.’ मुलगी म्हणाली, ‘सर, मी मांजर म्हटलंच नव्हतं.’

आता मागची रांगही ऐकायला लागली. कुणीतरी म्हणालं, हल्ली अशी माणसं फार झाली आहेत, दुसऱ्याच्या नावाने येतात. हे, जे तिथे स्वतःच्याच नावाने आले होते, मान खाली घालून सदऱ्याचं बटण चाचपत उभे. मुलगी हळू आवाजात मला म्हणाली, ‘मावशी, ओळख पटली नाही तर नंबर ठेवता येणार नाही.’ मला समोर आई दिसली, फोनच्या चकतीत बोट घालून बसलेली. आणि माझ्यातल्या राजाला राहवेना. मी यांच्या हातातून रिसीव्हर घेतला, पाठ ताठ केली आणि सिस्टर शिकवायच्या तसा पोटातून आवाज काढला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. ‘माझा आवाज हीच माझी ओळख.’

यंत्रातली बाई म्हणाली, ‘स्वागत आहे, साहेब.’

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि तिथल्या मुख्य बाई बाहेर आल्या. केस पिकलेले, नाकाच्या टोकावर चष्मा. मला वाटलं, झालं, आता पोलीस. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि एवढंच विचारलं, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, घरात फोन आला तेव्हापासून. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, ‘आमचा गॅस अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. मी रुमाल लावून खोकते.’

पुढे पाच मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या, या खात्याशी आजवर जी व्यक्ती बोलली तिच्याच नावावर ते करून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला. यांना आत बोलावून सही करायला सांगितली. यांनी कागद वाचला, नेहमीसारखी सुरेख, सरळ सही केली आणि मुख्य बाईंना आपणहून म्हणाले, ‘चूक माझ्याच नावात होती.’ मी बाहेर आले तेव्हा रांगेतल्या एका आजोबांनी टाळी वाजवली आणि मग दोन-चार बायकांनी. मी वाकून अभिवादन केलं, सगळ्या गुडघ्यांसकट. ताई, नंबर राहिला. तोच नंबर, माझ्या नावावर. या वयात माझ्या नावावर काहीतरी आलं, आणि तेही वाजणारं.

रात्री जेवताना यांनी सवयीने विचारलं, ‘आज मी काय बोललो?’ मी म्हटलं, आज तुम्ही तुमचं तुम्हीच बोललात. उरलेलं मी बोलले. तर म्हणाले, ‘बरं झालं, दोघांचंही छान झालं.’ आणि दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

भावोजींना नमस्कार सांग आणि त्यांचं गार पाणी कपाटात कुलपात ठेव.

तुझीच,
धाकटी (आता खातेदार)

ता. क. तू विणत होतीस तो निळा स्वेटर पुरा झाला का? मला घाई नाही, सहज विचारलं.

ता. क. २. एक बारीकशी अडचण राहिली आहे. नव्या खातेदाराने आठवड्याभरात घरच्या फोनवरून आपला आवाज नोंदवायचा असतो. मी नोंदवायला गेले. माझ्या खऱ्या आवाजात, अगदी बायकी, नाजूक. यंत्र म्हणालं, ‘स्वागत आहे, साहेब.’ मी गाऊन पाहिलं, कुजबुजून पाहिलं, तरी साहेबच. एक आवाज दोन माणसांना चालत नाही म्हणे. नोंद झाली नाही तर खातं पहिल्या माणसाच्या नावावर परत जातं, आणि पहिल्या माणसाचं काय झालं ते तू वर वाचलंच आहेस. मुख्य बाईंना पुन्हा विचारायचा धीर होत नाही, त्यांच्या गॅसवर गदा यायची. तेव्हा मंगळवारी दुपारपर्यंत इकडे ये आणि माझ्या जागी तू बोल. मिशी सुटली त्या दिवशी तू दोघांचं म्हटलं होतंस, हे तर एकटीचं आहे. फक्त एवढंच की यापुढे कधी या फोनची तक्रार करायची झाली तर ती तुलाच येऊन करावी लागेल. म्हणजे महिन्यातून एकदा तरी. लाइन अधूनमधून खराब होईल याची काळजी मी घेईन.

ता. क. ३. खालची ओळ यांनी स्वतः लिहिली आहे, मी सांगितलेली नाही.

‘ताई, जरूर या. मांजराचं नाव तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.’