पाकिटावरचं थोबाड

३ मार्च, सोमवार

माझं थोबाड पाकिटावर छापलं आणि मला विचारलं पण नाय! नातू असला म्हणून काय झालं? लाल पाकीट, त्यावर मी, नाकात नथ. आमचे हे, पंढरी, वारले त्या दिवसापासून मी नथ घातली नाय, ती कॉम्प्युटरने घातली. खाली लिहिलंय — 'सगुणाआजीच्या हातचा आगरी मसाला'. हातचा! गेल्या दिवाळीपासून हा हर्षित मला मिरचीला हात लावू देत नाय. सगळं बाहेर दिलंय. कांडप खडवलीला, कमलेशच्या शेडमध्ये. पाकिटं भरणं तिकडेच. गिऱ्हाइकांचे फोन उचलायला वर्तकनगरची कोण विनिता, घरी बसून सहा कंपन्यांचे फोन उचलते. मग हा काय करतो? हा 'सिस्टीम' बघतो.

पाकीट त्याच्या तोंडावर फेकून मारलं. फुटलं. दोन तास शिंकत होता. बरं झालं.

५ मार्च, बुधवार

हे खूळ ठाण्याहून आणलंय. तिकडे हॉल घेऊन एक कोटवाला भाषण करतो — आठवड्याला दहा तास काम करा, बाकीचं दुसऱ्यांवर टाका, पैसा झोपेत येतो. हर्षित बोलला, "आजी, धंदा असा पाहिजे की मी मेलो तरी चालला पाहिजे."

मी बोलली, "मग मर ना मेल्या. बघू चालतो का."

दर्शनाने भाताचं पातेलं आपटलं. त्याची बायको ती, तिला मरणाची मस्करी चालत नाय. हल्लीच्या पोरी!

पण खरं ते लिहायला पाहिजे. मागच्या वर्षी हा पहाटे चारला उठायचा, धणे भाज, मिरच्या कांड, पाकिटं भर, इंटरनेटवरच्या ऑर्डरी बघ, फोन घे. रात्री जेवताना झोपायचा. एक दिवस धणे भाजता भाजता तोंडावर पडला. भट्टीच्या कडेने कपाळ फुटलं, रक्त धण्यात. डॉक्टर बोलला, असाच राहिला तर पस्तिशी बघत नाय. तेव्हा मीच बोललेली — माणसं लाव रे. माणसं लाव बोललेली. तोंड लपव नाय बोललेली!

७ मार्च, शुक्रवार

आज पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. माझंच पाकीट, माझंच थोबाड, बघू कोण बोलतंय.

"नमस्कार, सगुणाआजी मसाले, मी विनिता."

"आजीला दे."

"आजी आता मसाला कांडतायत. नंतर बोलतील."

"अगं भवाने, आजी इकडे पाय पसरून बसलीय!"

मग कागदावरचं वाचल्यासारखी बोलली — आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची आहे, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळेल.

अठ्ठेचाळीस तास! एवढ्यात मढं कुजतं.

११ मार्च, मंगळवार

दुपारी एक गिऱ्हाईक थेट घरी आलं. डोंबिवलीतलंच. पत्ता शोधायला कशाला पाहिजे, मिठागरवाल्यांचं घर कुणालाही विचारा. हातात चार पाकिटं. हर्षितला बोलला, "आठ दिवस फोन करतोय, ती बाई पोपटासारखी तेच बोलते. मसाला आहे का भुस्सा?" आणि हर्षितची कॉलर धरून खाड्‌कन कानाखाली दिली.

माझ्यासमोर! मी पाकीट फाडलं आणि मूठभर मसाला त्याच्या डोळ्यांत. बैल कापल्यासारखा ओरडला. ओट्यावर गडाबडा लोळला. हर्षितने दूध आणून त्याचे डोळे धुतले, माझ्यावरच खेकसला, "आजी, तू वेडी आहेस का?"

डोळे धुतल्यावर तो माणूस हुंदके देत बोलला, "आजी, याला तुमचा हात नाय लागलेला. माझी आई तुमच्याकडून न्यायची. मला कळतं."

तो गेल्यावर बोटाने चाटून बघितला. खरं होतं. जाडाभरडा, कोरडा, मेलेला मसाला. माझं थोबाड घेऊन हे लोकांच्या कालवणात जातंय!

१२ मार्च, बुधवार

खडवलीला गेलेली. रिक्षावाला दोनदा चुकला, त्याला शिव्या घातल्या. कमलेश शेडवर नव्हता. तो पण कुणाला तरी काम देऊन दुसरीकडे! कांडपावर एकटी पोरगी. कृतिका नाव. चोवीस-पंचवीसची, लग्न ठरलंय, वैशाखात. हात बघितले तिचे — चांगले, कामाचे.

मशीनला पुढून लोखंडी जाळी. जाळीतून लांब पळी घालून ती मसाला ढवळत होती. मी बोलली, अगं, असा कुठं मसाला होतो? पळीने कडेचा कडेलाच बसतो, तेल सुटत नाय. हात पाहिजे. लोखंडाचं मुसळ वर गेलं की हात आत, खाली यायच्या आत बाहेर. आमचा जन्म गेला त्यात.

"मालक ओरडतील आजी. जाळी काढायची नाय बोललेत."

"मालक कोण? पाकिटावर कुणाचं थोबाड आहे, त्याचं का माझं?"

हसली. स्क्रू काढले, जाळी उचलून भिंतीला लावून ठेवली. मी स्वतः दोन घाणे कांडून दाखवले. वास सुटला नुसता! पोरगी हुशार, लगेच शिकली. येताना मूठभर घेऊन आली. हा माझा मसाला.

१७ मार्च, सोमवार

हर्षित नाचतोय. गिऱ्हाईक खूश, तक्रार बंद. "बघ आजी, सिस्टीम सेट झाली." मी गालात हसली.

२१ मार्च, शुक्रवार

हर्षित आणि दर्शना मालवणला गेले. दोन दिवस फोन बंद! हीच परीक्षा बोलला — मी नसताना धंदा चालतो का बघायचं. जाताना माझ्या पाया पडला. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलेत दोघं. जाऊ दे. पोरगं हसताना बघून वर्ष झालेलं.

२२ मार्च, शनिवार

जमेल तसं लिहिते.

चारच्या सुमारास आरडाओरडा. ओट्यावर एक माणूस, हातात कोयता, शर्टावर सुकलेलं रक्त. रक्त त्याचं नव्हतं. काळुराम. कृतिकाचा भाऊ.

सकाळी दहाला पोरीचा उजवा हात कांडपात गेला. मशीन बंद करायला दुसरं माणूस नाय. ती ओरडत राहिली आणि ते लोखंड खाली येत राहिलं. बाहेरच्या पानवाल्याने वायर उपटली तेव्हा थांबलं. कमलेशने शेडला कुलूप घातलं आणि फोन बंद करून पळाला. तर काळुरामने पाकिटावरच्या नंबरवर फोन लावला. अकरा वेळा. "माझ्या बहिणीचा हात गेला, मालकाला द्या!" — आणि तिकडून, आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची आहे. अठ्ठेचाळीस तासांत.

त्याने हर्षितच्या गाडीच्या काचा फोडल्या. मोटारसायकल लाथेने गटारात पाडली. मग ओट्यावर माझ्या थोबाडाचा मोठा फलक लावलाय ना, त्यावर कोयता घातला. एक कपाळावर. एक नाकावर, नथीसकट. तिसरा असा बसला की पातं अडकलं, पाय लावून ओढून काढलं. मी दारात उभी. शेजारी खिडक्या लावून आत.

"मशीनला जाळी नव्हती म्हातारे! जाळी भिंतीला लावून ठेवलेली! कुणी काढली जाळी?"

मी बोलली, "त्या कमलेशला धर. मशीन त्याची."

२३ मार्च, रविवार

हर्षित पहाटे आला. काल रात्री तिकडे फोन चालू केला, तसाच निघाला. दारात पाय ठेवला आणि मी काठी घातली. खांद्यावर, पाठीवर, घोट्यावर. काठी मोडली तेव्हा थांबली. दर्शना मध्ये आली, तिच्या कोपराला लागलं. लागू दे!

"काम दिलंस, ठीक! लोकाला दिलंस, ठीक! बघायला कोण होतं मेल्या? तुझा पणजा मिठागरावर दिवसाला तासभर यायचा, पण बांधावर उभा राहायचा. एकदा फळी घालून मजुराचं टाळकं फोडलं त्याने, मजूर रक्तात पडला — पण पळाला नाय. तिथेच उभा राहून बोलला, मी मारलंय. तू कुठे होतास? मालवणला मासे खात!"

त्याने मान खाली घालून मार खाल्ला आणि कल्याणच्या दवाखान्यात गेला. तिथे काळुरामने त्याला जिन्यावर गाठला. कोयत्याचा उलटा दांडा डोक्यात. सात टाके. तक्रार कर बोलले लोक. त्याने केली नाय.

मला वाटलं, भ्याला.

२४ मार्च, सोमवार

वही उघडली. मागची पानं उलटली. बारा तारखेचं पान वाचलं. मिटली.

२५ मार्च, मंगळवार

दवाखान्यात गेलेली. चार बोटं काढली. अंगठा तेवढा राहिलाय. मेंदी त्या हातावर काय काढणार?

तिची आई बाहेर पाण्याला गेली, तशी कृतिका हळू बोलली, "आजी, भावाला नाय सांगितलं मी. पोलिसांना पण नाय. तुम्ही प्रेमाने शिकवलेलं."

प्रेमाने! त्यापेक्षा तिने उरलेल्या हाताने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डाळिंबं नेलेली, ती तशीच पिशवीत परत आणली. एका हाताने ती कशी सोलणार, हे तिकडे गेल्यावर कळलं. म्हातारी झाली तरी अक्कल नाय.

घरी येऊन उखळापुढे बसली. चाळीस वर्षं या उखळात हात घातला, एक नख गेलं नाय. का? माझी जाऊ मुसळ मारायची. तिचा डोळा माझ्या हातावर. मला खोकला आला तर मुसळ वरच्या वर धरून ठेवायची. हात वाचायचा तो माझ्या हुशारीने नाय, तिच्या डोळ्याने. मी त्या पोरीला हात शिकवला. डोळा कुठून देणार होती? लोखंडाला कुठे डोळा असतो? हे मला त्या दिवशी सुचलं नाय. मला फक्त मसाल्याचा वास आला.

आणि हर्षितला मी काठीने विचारत होती — बघायला कोण होतं!

२६ मार्च, बुधवार

हर्षितने विनिताला सांगितलं, नंबर माझ्याकडे वळव. फोन आता तोच उचलतो. लोक आईबहीण काढतात, हा 'हो, हो, माझी चूक' बोलतो. डोक्याला पट्टी. कमलेश सापडला, तो पोलिसांना बोलतो जाळी मी लावून दिलेली, काढली यांच्या माणसाने. सगळे यालाच फाडतायत.

संध्याकाळी दर्शना स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडत होती. मी खांदा धरून हलवली. बोल गं!

"उद्या दहाला चौकीत जबाब आहे, आजी. ते लिहून देणार — जाळी मी काढायला सांगितली. सही करणार. अटक झाली तर?"

"त्याने कुठे सांगितलेली?"

दर्शनाने पदराने तोंड पुसलं. मग बोलली, "त्यांना माहितीय. पहिल्याच रात्री वाटेतून त्यांनी फोन लावला, तेव्हा कृतिकाने सांगितलं. मला बोलले, आजीला कळू द्यायचं नाय की मला कळलंय."

म्हणजे माझी काठी खाल्ली तेव्हा त्याला माहीत होतं. जिन्यावर डोकं फुटलं, त्याच्या आधीच माहीत होतं. सगळी कामं लोकाला देणाऱ्या पोराने हे एक काम कुणाला दिलं नाय. आणि नेमकं तेच त्याचं नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार

सकाळचे सात. लुगडं नेसून तयार आहे. काळुरामला निरोप पाठवलाय, चौकीच्या दारात उभा राहा, कोयता आणायचा तर आण. ही वही बरोबर नेते. बारा तारखेचं पान साहेबांनी वाचावं, अक्षर माझं आहे. हर्षितच्या खोलीला बाहेरून कडी घातली, दर्शनाला बजावलं — मी येईपर्यंत काढायची नाय. त्याचा फोन माझ्या पिशवीत आहे. तो वाजला तरी उत्तर मीच देणार, दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाय.