भुताच्या पाठीवरची चेन

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा चष्म्यांचा, हा कागद पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. बायको असती तर तिने तो दिला नसता, कारण भयपट पाहताना पोट धरून हसणारा मी तिने पाहिला होता.

१. घर, दुकान आणि बँकेतली शिल्लक मुलीला. नंबर तपासायचे यंत्र मात्र विकू नये, अजून ठणठणीत आहे.

२. सिनेमांवरच्या माझ्या मतांच्या चौदा वह्या आणि कॅसेटचे कपाट भाचीला. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून पडद्यावरच्या रबरी वटवाघळांना टाटा करायची. माझे मत अजून तेच आहे: गरीब भयपटांत नुसते दार करकरले तरी काटा येतो, कारण दाराशिवाय त्यांच्याकडे दाखवायला काही नसते. एक दुरुस्ती करावी. स्वतःलाच पत्रे लिहिणाऱ्या पोस्टमनच्या सिनेमाला मी सहाव्या वहीत 'डोक्याला ताप' म्हटले आहे. बायको तो सिनेमा आठवून तीन दिवस हसत होती. तिचेच खरे होते, आणि ते हसणे मला अजून ऐकू येते.

३. मेहुण्यांना कुरकुरणारी खुर्ची. तीस वर्षे ते प्रत्येक सिनेमाचा शेवट आधीच सांगत आले. आता खुर्ची त्यांना बोलू देणार नाही.

४. हा कागद ज्यासाठी केला ते कलम. माझ्या मावसभावाने अकरा दिवसांत एका गोदामात भुताचा सिनेमा काढला होता. भुताचे केसाळ कातडे शेजारच्या दुकानातल्या शिंप्याने, माझ्या जिवलग मित्राने, शिवले. सिनेमा लागला आणि भूत वळताच पाठीवर लखलखीत चेन दिसली. सगळे थिएटर हसले. चित्रपट मंडळाच्या फलकावर मी दर आठवड्याला मत लिहीत असे. तिथे लिहिले, 'शिंप्याने भुताचे भूत उतरवले.'

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. "अरे चष्म्या, मी चेन पुढे लावली होती. छातीच्या केसांखाली."

"मग पडद्यावर दिसली ती काय खोटी?" मी म्हणालो.

गिऱ्हाईके त्याला विचारू लागली, "पँटची तरी पुढे लावणार ना?" त्याने नाटकांचे कपडे शिवणे सोडले. एकोणीस वर्षे आमच्यात एक भिंत आहे आणि चहा नाही.

खरे असे की चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी भुताचा नट तापाने पडला आणि भावाने मला कातड्यात घातले. मुखवटा चष्म्यावर बसेना, म्हणून चष्मा काढला. मग पुढची बाजू कुठली, मागची कुठली, काही दिसेना. मी ते उलटे घातले आणि ओढाताणीत चेनवरचे केसही बाजूला झाले. चष्मेवाल्याची ही फजिती बाहेर जाऊ नये म्हणून मीच आधी बोट त्याच्याकडे दाखवले. भाऊ गेला, आता हे एकट्या मला ठाऊक आहे. मला याची फार लाज वाटते.

माझ्यामागे मंडळाने तो सिनेमा दाखवावा आणि आधी हे कलम मोठ्याने वाचावे. साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकीलबाई म्हणतात, म्हणून शिंप्याला काही ठेवलेले नाही. साक्षीदार म्हणून मला त्याचीच सही हवी आहे. आज हा कागद घेऊन मी त्याच्याकडे जातो. त्याने नाही म्हटले तर ती जागा कोरीच ठेवावी.

ठिकाण: माझे दुकान. दिनांक: ३ जानेवारी.

लिहून देणार: चष्मेवाला (सही)

साक्षीदार पहिल्या: वकीलबाई (सही)

साक्षीदार दुसरा: शिंपी (सही). वाचले. चेन पुढेच होती. बस, चहा सांगितलाय.