घोड्याच्या शेपटीबाबत माझी अखेरची इच्छा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाद्या आणि बैठका शिवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, चहा पिऊन, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. धाकट्या भावाला तो पटणार नाही, पण त्याला माझं आजवर काहीच पटलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

१. कारखान्याला लागून असलेल्या माझ्या दोन खोल्या भाचीला द्याव्यात. न्हाणीघरात भिंतीला लावलेले धरायचे दांडे तिनं काढू नयेत. आज ते तिला कुरूप दिसतात, म्हातारपणी गोड वाटतील.

२. बँकेतली ठेव धाकट्या भावाला. मी आजारी पडले तेव्हा "ताई, तू चालतेस-फिरतेस, मग तुला झालंय तरी काय?" असं त्यानं चारचौघांत विचारलं होतं. तरीही देत आहे, कारण त्याच रात्री दवाखान्यातल्या माझ्या चादरी त्यानं कोणाला न सांगता स्वतः धुतल्या. तो हे कबूल करणार नाही.

३. दोन्ही शिलाई मशिनं, वाकड्या सुया, मोठी कात्री आणि बैठकीचा ठसा घ्यायचे मातीचे पाट माझ्याकडे शिवणकाम करणारीला, म्हणजे आमच्या टाचणीला द्यावेत. ती काटकुळी आहे आणि बोलते ते टोचतं, म्हणून हे नाव. कात्रीनं कागद कापायचा नाही. कापलेला दिसला तर मी परत येईन.

४. आता आजाराचं सांगते, कारण पुढची कलमं त्यावरच उभी आहेत. एक जुना सोफा उचलताना माझ्या कमरेतली गादी सरकली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या जागेवर बसवल्या आणि स्वतःचीच निसटली. पाय जड झाले, लघवी अडली आणि बसायची जागा बधिर झाली. शस्त्रक्रिया झाली, पायांत बरीच ताकद परत आली. बाकीचं आलं नाही. काठी घेऊन मी चालते, पण लघवीसाठी नळी लागते, आणि खुर्चीवर बसले आहे की हवेत, हे मला खाली बघून ठरवावं लागतं.

या दुखण्याला कॉडा इक्विना सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी मला चित्र काढून दाखवलं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या जरा वरच संपतो. तिथून खाली नसांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. माझी दबली ती शेपटी. टाचणीचीही तीच, तिची अपघातात.

"मग ही मज्जारज्जूची इजा की नाही?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "शरीररचनेच्या पुस्तकाप्रमाणे नाही. दोर वर संपला, ही त्याची मुळं. पण उपचार, पुनर्वसन, नोंदी, या सगळ्यांत आम्ही साधारणपणे हिला त्याच गटात धरतो. कारण माणसाला जे भोगावं लागतं, ते बरंचसं तेच असतं."

मला एवढं उत्तर पुरलं. मज्जारज्जू इजाग्रस्त संघाच्या अध्यक्षांना पुरलं नाही.

५. अध्यक्ष पूर्वी क्रेन चालवायचे. वरून पडले, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत आहेत. संघ त्यांनी शून्यातून उभारला, वसतिगृह बांधून घेतलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मानते. पण त्यांच्या नियमात लिहिलं आहे: सदस्यत्व आणि खोली फक्त मज्जारज्जूची इजा झालेल्यांना. टाचणी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि संडास खाली अंगणात, चार बिऱ्हाडांत एक. तिनं खोलीसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. मी भांडायला गेले.

"बाई, तुमचा दोर शाबूत आहे. तुम्ही दोघी चालत आलात इथे," अध्यक्ष म्हणाले.

"चालत आलो, पण येताना वाटेत कुठे नळी वापरता येईल ते शोधत आलो. तुम्हीही तेच करता ना?"

"आज शेपटी घेतली, उद्या नुसती पाठ दुखणारे रांग लावतील. खोल्या किती आहेत माझ्याकडे?"

ही भीती खोटी नाही, हेही इथे लिहून ठेवते. पण टाचणीची पाठ दुखत नाही. दुखतच नाही, तीच तर अडचण आहे.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला ओल्या मातीच्या पाटावर बसवून बैठकीचा ठसा घेतात आणि त्यावरून गादी बेततात. ज्याला खाली जाणवतं तो सारखा बूड हलवतो, त्याचा ठसा पसरट येतो. ज्याला जाणवत नाही तो बसला तसा बसतो आणि ठसा एका बाजूला खोल उतरतो. तिथेच पुढे जखमा होतात. अध्यक्षांची गादीही मीच बेतलेली, त्यामुळे त्यांचा ठसा माझ्याकडे होता. संघाच्या सभेत मी दोन वाळलेले पाट टेबलावर मांडले आणि विचारलं, यातला दोरवाल्याचा कोणता आणि शेपटीवालीचा कोणता? अध्यक्षांनी एका पाटावर ठामपणे हात ठेवला. "हा माझा. डावीकडे खोल. माझा भार तिकडेच पडतो."

तो माझा होता.

सभा इतकी हसली की खजिनदारांना पाणी द्यावं लागलं. अध्यक्ष मात्र म्हणाले, "ठसा हा काही पुरावा नाही," आणि सभा संपवली. टाचणी अजून तिसऱ्या मजल्यावरच आहे.

६. माझा कारखाना, इमारत आणि मागच्या मोकळ्या जागेसह, मी याच संघाला देत आहे. तिथे तळमजल्यावर आणखी खोल्या काढाव्यात, म्हणजे जागा नाही ही सबब उरणार नाही. अट एकच. नियमात असं लिहावं: "मज्जारज्जूची इजा या शब्दांत कॉडा इक्विना धरावा, रोगी चालत असो वा नसो." वर्षभरात हे झालं नाही तर सगळी वास्तू टाचणीला मिळेल, आणि संघाला माझ्याकडून मिळेल तो फक्त माझ्या ठशाचा पाट.

७. कारखान्याच्या दाराजवळ मी रंगवलेली पाटी कोणीही उतरवू नये. तिच्यावर लिहिलं आहे: "कंबर दुखते, बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर शेकत बसू नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा." मी शेकत बसले होते.

८. अध्यक्षांना मी या पत्रानं काहीही देत नाही. लाभ घेणाऱ्यानं साक्षीदार होऊ नये असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला साक्षीदार म्हणून तेच हवे होते. त्यामुळे त्यांच्यासाठी शिवलेली नवी गादी मंगळवारीच घरी पोचवली. डावी बाजू मऊ ठेवली आहे. भांडण भांडणाच्या जागी, माणसाला जखम होता कामा नये.

या पत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. मला शांतपणे न्यावं, भाषणं नकोत.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली, खिडकीजवळचं टेबल.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती.

(सही) गादीवाली

साक्षीदार पहिले: बाईंनी माझ्यादेखत वाचून सही केली. प्रकृती स्थिर, बुद्धी नको तितकी तल्लख.
(सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरे: बाईंनी माझ्यादेखत सही केली. साक्षीदारानं मजकुरावर मत द्यायचं नसतं, असं वकीलबाई सांगत आहेत, तरी लिहितो. बाईंच्या मरणाची वाट बघून नियम बदलण्याइतका मी कोडगा नाही. सभा पुढच्या आठवड्यात बोलावली आहे. खोलीची किल्ली टाचणीला आज सकाळीच दिली.
(सही) अध्यक्ष