शेवटचा छोटा शब्द

४ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाही! ठणकावून सांगितलं आणि दार लावून घेतलं.

समोरच्या घरातली फौजदारीण (हे नाव मी ठेवलंय, तिला कळलं तर आवडेलच) सकाळी सुनेला धरून आली. सुनेला हॉस्पिटलच्या चौकशीच्या फोनवर घेतलंय. तीन आठवडे काम बघणार, मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. बाहेरदेशचे रुग्ण येतात, म्हणून बरेचसे फोन इंग्रजीत. "तुम्ही कॉन्व्हेंटच्या, वर तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तेवढं शिकवा हो हिला. नाही जमलं तर बरंच आहे म्हणा, घरात बसेल. पण लोक हसतील."

हे सुनेच्या तोंडावर!

सून एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. काहीतरी पुटपुटली. हल्ली सगळेच पुटपुटतात. तोंड उघडलं तर आत माशी जाईल की काय!

दार लावल्यावर ते "बरंच आहे" डोक्यात घुमायला लागलं. परत उघडलं. दोघी जिना उतरत होत्या. वरून ओरडले, "उद्यापासून चार वाजता. वही आण."

५ मार्च

सुनेचं नाव चिमणी ठेवलं. अक्षर मोत्यासारखं, व्याकरण पाठ. पण 'पुट' आला की गाडी अडते.

"काकू, पुट म्हणजे ठेवणं ना? मग पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ, पुट थ्रू... ठेवतात तरी काय आणि कुठे?"

म्हटलं, क्रियापद म्हणजे बैल. कासरा त्या शेवटच्या छोट्या शब्दाच्या हातात. बैल तोच, पण ऑफ म्हटलं की काम पुढे ढकललं, आउट म्हटलं की दिवा विझला, अप विथ म्हटलं की सासूला सहन केलं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर छोटा शब्द गाळला की पट्टी आपटायच्या. टेबलावरच म्हणा.

तर बाईसाहेब म्हणतात, "आपल्यातपण आहे की. खाऊन बघ, खाऊन घे, खाऊन टाक."

एकाहत्तर वर्षं मराठी बोलतेय, कधी लक्षात आलं नाही. तिला शाबासकी मात्र दिली नाही. डोक्यावर बसेल.

७ मार्च

आज नाडी वापरली. परकराची, चांगली लांब.

एक्स्चेंजमध्ये आमच्यासमोर भोकांची भिंत असायची आणि हातात वायरींच्या जोड्या. एक टोक फोन करणाऱ्याच्या भोकात, दुसरं त्याला हवा असलेल्याच्या. चिमणीच्या डाव्या हातात नाडीचं एक टोक दिलं: पुट. उजव्यात दुसरं: थ्रू. मधल्या नाडीवर मी बोट ठेवलं: हिम. पुट हिम थ्रू, म्हणजे त्याचा फोन जोडून दे! हा 'हिम' मधेच बसणार, बाहेर काढलास तर फोन लागलाच नाही समज.

मग दोन्ही टोकांची गाठ मारली. हे लुक आफ्टर, म्हणजे काळजी घेणं. लुक आफ्टर हिम. यांची गाठ सुटत नाही, मधे कुणाला शिरू द्यायचं नाही.

"म्हणजे काही जोड्यांच्या मधे तिसरं माणूस येऊन बसतं, काहींच्या नाही," चिमणी म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

दारात फौजदारीण! सुनेला न्यायला आलेली. आम्ही दोघी इतक्या हसलो की ती चप्पल न काढताच परत गेली.

९ मार्च

चिमणी म्हणते, आता फोनवर सराव करू. ती तिच्या घरातून, मी माझ्या. साफ नाही म्हटलं. फोनवर ओठ दिसत नाहीत, ओठ दिसल्याशिवाय उच्चार कसा तपासणार?

"पण काकू, नोकरी फोनचीच आहे ना?"

"उलट बोलू नकोस. समोर बस. उजेडात. शेवटचा शब्द गिळू नकोस."

सात वेळा म्हणायला लावलं. सातव्यांदा स्वच्छ आलं.

१० मार्च, रविवार

लेकीचा फोन. उचलला नाही. मग मेसेज पाठवला, अंघोळीला गेले होते. हा अकरावा रविवार. तिला वाटेल, आईचं बदक झालं.

या पानापुढे कसली लाज? लोक पुटपुटत नाहीत. माझा डावा कान गेलाय, उजवा त्याच वाटेवर आहे. तीन समुद्रांपलीकडचं माणूस नुसतं खोकलं तरी ओळखणारी मी! आता प्रेशर कुकरच्या शिट्ट्या झाकणाकडे बघून मोजते.

कुणाला सांगणार नाही. विषय संपला.

१३ मार्च

घोळ झाला. एका परदेशी बाईंचा फोन. ऑपरेशननंतर नवरा शुद्धीवर आला का, एवढंच विचारत होत्या. 'कम राउंड' ऐकलं आणि चिमणीची वाचा बसली. फोन ठेवूनच दिला! हॉस्पिटलातल्या तिच्या वरच्या बाईंनी नोंद केली. पुन्हा असं झालं तर घरी.

डोळे सुजवून आली. म्हणे, "सासूबाई खूश आहेत. शिलाई मशीन पुसून ठेवलंय माझ्यासाठी."

माझं रक्त तापलं. चहासुद्धा न देता बसवलं. कम राउंड: शुद्धीवर येणं. थ्रो अप: उलटी. पास आउट: चक्कर येऊन पडणं. पास अवे: कायमचंच जाणं. "बघ, एका छोट्या शब्दावर माणूस उठून बसतो नाहीतर तिरडीवर चढतो. गिळलास तर खुनाचा आरोप!" रडता रडता हसली.

आणि खरी गोष्ट सांगितली, कुठल्या पुस्तकात नसलेली. कळलं नाही तर गप्प बसायचं नाही. जेवढं ऐकलं तेवढं परत म्हणून दाखवायचं, सावकाश, शेवटच्या शब्दासकट. समोरचा आपणच दुरुस्त करतो. मी हल्ली भाजीवाल्याशी तसंच करते. हे नाही सांगितलं.

१८ मार्च

फौजदारीण भांडायला आली. "रोज दोन-दोन तास! भाजी कोण चिरणार?"

"तुम्ही."

फार दिवसांनी इतकं लहान वाक्य बोलले. फार बरं वाटलं.

२२ मार्च

सोमवारी निकाल. चिमणी जेवत नाही. मीही नाही, पण माझं ॲसिडिटीमुळे.

२५ मार्च, सोमवार

राहिली! कायम झाली!

जिन्यातच गळ्यात पडली. मग मला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसली, उजेडात, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दोन म्हाताऱ्या रुग्णांनी मुद्दाम कळवलं होतं, त्या मुलीचंच बोलणं आम्हाला समजतं, तिलाच फोनवर द्या. वरच्या बाईंनी विचारलं, शेवटपर्यंत इतकं स्पष्ट बोलायला कुठे शिकलीस?

"मी म्हटलं, आमच्या काकूंना कमी ऐकू येतं."

खोलीत शांतता. म्हणजे, माझ्यासाठी तर असतेच.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही वरून ओरडलात ना, तेव्हा मी जिन्यातून तीनदा हाक मारली. तुम्ही वळला नाहीत."

"मग तीन आठवडे तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलेच आहे!"

चहा केला. तिने तीन बिस्किटं खाल्ली, मी चार. जाताना नाडी घेऊन गेली, टेबलाच्या खणात ठेवणार म्हणे. परकरात नवी ओवायला हवी.

२६ मार्च

अकरा वाजता फोन उचलला. स्वतः. उजव्या कानाला लावला आणि हॉस्पिटलचा नंबर फिरवला.

चिमणीच. म्हटलं, कानाच्या डॉक्टरांची वेळ हवी आहे. नाव विचारलं, वय विचारलं, दोन्ही परत म्हणून दाखवलं. ओळख अजिबात दाखवली नाही. शाब्बास!

"होल्ड ऑन प्लीज. आय विल पुट यू थ्रू."

तीस वर्षं हे वाक्य मी दुसऱ्यांना म्हटलं. मला कुणी म्हणायची ही पहिलीच वेळ. एका टोकाला पुट, एका टोकाला थ्रू. मधे मी.